बोटीवरची माणुसकी, बंदरावरची माणुसकी



चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्या सर्वांना तोंडपाठ आहे. वाटेत पडलेला जखमी माणूस, बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी, आणि थांबलेला तो परका. प्रवचनात आम्ही धर्मगुरू बहुधा त्या थांबण्यावरच बोलतो. पण दाखला तिथे संपत नाही. शोमरोनी जखमीला उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो, आणि दुसऱ्या दिवशी निघताना उतारशाळेच्या माणसाच्या हातावर दोन नाणी ठेवतो. वर आणखी खर्च आला तर परत येताना फेडीन, असे सांगून जातो. रस्त्यावर वाटलेला कळवळा सकाळपर्यंत टिकला, एवढेच नव्हे तर सकाळी तो व्यवहारात आला, शब्दाने बांधला गेला. या दुसऱ्या सकाळविषयी आज थोडे बोलायचे आहे, आणि त्यासाठी एका मराठी कादंबरीचा आधार घ्यायचा आहे.

रविवारच्या पत्रिकेत कादंबरीचे काय काम, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, माणसाच्या मनात काय चालते हे पाहायला पापनिवेदनाच्या खालोखाल चांगली जागा म्हणजे प्रामाणिक कादंबरी.

१९३९ साली विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ प्रसिद्ध झाली. आकाराने लहान पुस्तक आहे. एका बैठकीत वाचून होते आणि नंतर बरेच दिवस सोडत नाही. नाव रणांगण, पण त्यात कुठे खंदक नाही, तोफ नाही. युरोपातून पूर्वेकडे निघालेली एक बोट आहे. बोटीवर हिटलरच्या राज्यातून हाकलले गेलेले ज्यू आहेत. घरदार, धंदा, नागरिकत्व सगळे मागे टाकून ते चीनच्या दिशेने चालले आहेत. त्याच बोटीवर चक्रधर नावाचा एक मराठी तरुण मायदेशी परत येतो आहे. उमा नावाच्या मुलीवरचे त्याचे प्रेम विफल झालेले आहे, त्यामुळे प्रेम, निष्ठा या शब्दांवरचा त्याचा विश्वास उडालेला आहे. बोटीवर त्याची गाठ हर्टा या जर्मन ज्यू तरुणीशी पडते. तिचाही प्रियकर, कार्ल, तिच्यापासून हिरावला गेलेला आहे. थोड्या दिवसांच्या प्रवासात दोघे एकमेकांच्या जिवाचे होतात. मग मुंबई येते. चक्रधर उतरतो. हर्टा आपल्या आईबरोबर बोटीवरच राहते, कारण तिला उतरण्याची परवानगी नाही. पुढे तिची पत्रे येतात, आणि अखेर तिने जीव दिल्याची बातमी.

गोष्ट एवढीच आहे. तरीही हे पुस्तक महायुद्धाची ठिणगी पडण्याच्या सुमारास, जणू ठिणगीच्या उजेडातच, लिहिले गेले. त्या वेळी आपल्याकडे बहुतेक लेखन कौटुंबिक प्रश्नांत किंवा स्वातंत्र्याच्या चळवळीत गुंतलेले होते. युरोपचे दुखणे हे आपलेही दुखणे आहे, हे ओळखणारे हे पुस्तक म्हणूनच वेगळे उठून दिसते.

ते दुखणे कोणते होते?

पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपात एक श्रद्धा घर करून होती. माणूस शिकला, सुसंस्कृत झाला, विज्ञान वाढले, की माणूस माणसाला मारणार नाही. या श्रद्धेला मानवतावाद म्हणतात. आपल्याकडेही ती आली. गोपाळ गणेश आगरकरांच्या लेखणीतून महाराष्ट्राने तिचे तेज पाहिले. (याच बेडेकरांनी पुढे ‘टिळक आणि आगरकर’ हे नाटक लिहिले, हा योगायोग नसावा.) आम्ही या श्रद्धेची टिंगल करणार नाही. जातीच्या नावाने माणसाला विहिरीपासून दूर ठेवणाऱ्या समाजात ‘प्रथम माणूस’ असे म्हणणे ही मोठी गोष्ट होती, आणि आपल्या आजोबा-पणजोबांना ती कोणत्याही पुस्तकाहून चांगली कळत होती.

पण १९१४ साली जी राष्ट्रे एकमेकांवर तुटून पडली ती जगातली सर्वांत शिकलेली राष्ट्रे होती. विद्यापीठे, संगीत, तत्त्वज्ञान सगळे त्यांच्याकडे होते. सेमिनरीत ज्यांची पुस्तके आम्हाला अभ्यासाला होती त्यांच्यापैकी कित्येकांची ती मायभूमी. चार वर्षांत सुमारे एक कोट सैनिक मेले. युद्ध संपल्यावर वीस वर्षे युरोपचे कादंबरीकार एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले: मग आमचे शिक्षण कुठे गेले?

थॉमस मान यांच्या १९२४ च्या ‘जादूचा डोंगर’ या कादंबरीत आल्प्स पर्वतातले क्षयरोग्यांचे एक आरोग्यधाम आहे. तिथे सेटेंब्रिनी नावाचा इटालियन गृहस्थ रात्रंदिवस मानवता, प्रगती, बुद्धी यांची थोरवी सांगतो. त्याचा प्रतिपक्षी नाफ्टा हा जन्माने ज्यू, शिक्षणाने जेझुइट. त्याला दहशतीशिवाय, निरपेक्ष सत्तेशिवाय माणूस सुधारेल असे वाटत नाही. दोघांचे वाद इतके विकोपाला जातात की शेवटी पिस्तुले घेऊन बर्फात उभे राहतात. सेटेंब्रिनी हवेत गोळी झाडतो. नाफ्टा स्वतःवर झाडून घेतो. आम्हा धर्मगुरूंना यातला नाफ्टा वाचताना बरे वाटत नाही, आणि वाटूही नये. पण आमच्या मते कादंबरीचा खरा घाव त्यानंतर बसतो. युद्ध पेटते, आणि जन्मभर मानवतेचे गोडवे गाणारा सेटेंब्रिनी आपली उरलीसुरली शक्ती आपल्या देशाला युद्धात उतरवण्यासाठी खर्च करायला निघतो. निरोप देताना त्याच्या डोळ्यांत पाणी असते. तो दुष्ट झालेला नाही. त्याची मानवता खोटीही नव्हती. ती फक्त देशाच्या हद्दीपाशी येऊन थांबली.

एरिक मारिया रीमार्क हे कॅथलिक घरात जन्मलेले, अठराव्या वर्षी सैन्यात ओढले गेलेले आणि १९१७ साली जखमी झालेले लेखक. त्यांची ‘पश्चिम आघाडीवर सारे शांत’ ही कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपाने आली, आणि १९३३ साली नाझींनी ती चौकात जाळली. तिच्यात एक प्रसंग आहे. पाउल हा कोवळा जर्मन सैनिक दोन्ही खंदकांच्या मधल्या एका खड्ड्यात अडकलेला असतो. एक फ्रेंच सैनिक धडपडत त्याच्या अंगावर येऊन पडतो. पाउल भीतीने त्याला भोसकतो. तो माणूस लगेच मरत नाही. तासन् तास कण्हत राहतो. पाउल त्याला पाणी पाजतो, जखमा बांधतो, क्षमा मागतो. तो मेल्यावर त्याचे पाकीट उघडतो. त्यात बायकोचा आणि लहान मुलीचा फोटो असतो. नाव निघते जेरार द्युव्हाल, धंदा छापखान्यातला. पाउल त्या प्रेताला वचने देतो: तुझ्या घरच्यांसाठी करीन, हे पुन्हा होऊ देणार नाही. मग अंधार पडतो, तो सरपटत आपल्या खंदकात परत येतो. दुसऱ्या दिवशी मित्र त्याला जवळच्या नेमबाजाकडे बोट दाखवतात. तो आज किती टिपले ते मोजतो आहे. पाउललाही वाटू लागते, फार वेळ त्या खड्ड्यात पडून राहिल्यामुळे आपण काहीबाही बोललो. युद्ध ते युद्ध.

आता चक्रधर आठवा. खड्ड्यातला पाउल आणि बोटीवरचा चक्रधर यांच्यात आम्हाला मोठे साम्य दिसते. दोघांचीही माणुसकी समोरासमोर असताना जागी होते, अगदी खरी जागी होते. एकाला ती खंदकात परतल्यावर सोडून जाते, दुसऱ्याला बंदर लागल्यावर. त्या खड्ड्याला देश नव्हता; भर समुद्रातल्या त्या बोटीलाही नव्हता. जिथे कोणाची हद्द नाही तिथे माणूस माणसाला ओळखतो. हद्द आली की कागदपत्रे पुढे होतात.

चक्रधराच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्याच्या हातात होते तरी काय? देश इंग्रजांचा, बंदर इंग्रजांचे, परवानगी देणारे इंग्रज. तो स्वतः गुलाम देशाचा नागरिक. शिवाय त्या दिवसांत ज्यूंना दार उघडायला बलाढ्य राष्ट्रेही तयार नव्हती. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ गावी ३२ देशांचे प्रतिनिधी याच प्रश्नासाठी जमले. सहानुभूतीची भाषणे पुष्कळ झाली, दारे जवळजवळ कोणीच उघडली नाहीत. मे १९३९ मध्ये ‘सेंट लुई’ ही बोट नऊशेहून अधिक निर्वासितांना घेऊन हॅम्बुर्गहून क्यूबाला गेली. क्यूबाने अगदी थोड्यांना उतरू दिले, अमेरिकेनेही दार उघडले नाही, आणि बोट युरोपला परतली. त्यांपैकी २५४ जण पुढे नाझींच्या कत्तलीत मेले. सरकारांनी जे केले नाही ते एका बेकार तरुणाने करावे असे म्हणणे सोपे आहे.

तरीही बेडेकर त्याला सोडत नाहीत, आणि आम्हालाही सोडता येत नाही. कारण प्रश्न केवळ परवानगीचा नव्हता. तो उतरला तेव्हा त्याच्या प्रेमाला बांधणारे काहीच नव्हते. प्रेम होते, शब्द नव्हता. असला तरी दोन नाणी ठेवण्याइतका पक्का नव्हता. विफल प्रेमाने त्याला एवढेच शिकवले होते की मनाला लागू नये म्हणून हात मोकळे ठेवावेत. हर्टाकडे मात्र मोकळे ठेवण्यासारखे काही उरलेलेच नव्हते.

(जाता जाता एक गोष्ट. बोट ज्या मुंबईला लागली त्याच मुंबईत आणि समोरच्या अलिबागच्या पट्ट्यात घरात मराठी बोलणारे, शनिवार पाळतात म्हणून शनवार तेली म्हटले जाणारे बेने इस्राएल ज्यू शतकानुशतके राहत होते. बर्लिनमध्ये ज्यू असणे हा गुन्हा ठरला, कोकणात ती तेल गाळणाऱ्या शेजाऱ्यांची एक जात होती. आपल्या भूमीचे सगळेच काही वाईट नाही.)

हाना आरेन्ट ही तत्त्वज्ञ स्वतः १९३३ साली जर्मनीतून पळालेली, पुढे अनेक वर्षे कोणत्याच देशाची नसलेली बाई. तिने १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक कडू निरीक्षण मांडले. मानवी हक्क हे माणूस म्हणून असतात असे सगळे म्हणत होते. पण ज्यांच्याजवळ देश, पद, पैसा काहीच न उरता नुसते माणूसपण उरले, त्यांचेच हक्क कोणाला दिसेनात. नुसता माणूस हा जगाला दिसत नाही. त्याच्यावर काही शिक्का लागतो.

इथे ‘म्हणूनच देव हवा’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह आम्हाला होतो. उत्पत्तीच्या पुस्तकापासून आपण ऐकत आलो आहोत की माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. म्हणजे त्याच्यावरचा शिक्का कोणत्याही सरकारने मारलेला नाही आणि म्हणून कोणाला पुसताही येत नाही. ही आमची श्रद्धा आहे. झाक मारिताँ या फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञाने १९३६ साली आपल्या ग्रंथात हेच मांडले, की देवापासून तोडलेला मानवतावाद शेवटी माणसालाच खातो. माणसाची थोरवी टिकवायची तर ती तिच्या मुळापाशी नेली पाहिजे. विचार म्हणून आम्हाला तो पटतो. पण जर्मन सैनिकांच्या पट्ट्याच्या बक्कलवर ‘देव आमच्यासोबत’ असे कोरलेले होते, आणि समोरच्या खंदकातले फ्रेंचही त्याच मरियामातेकडे विजय मागत होते. दोन्ही बाजूंना पवित्र मिस्सा होत होता. १ ऑगस्ट १९१७ रोजी पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी लढणाऱ्या राष्ट्रांना पत्र लिहून ही निरर्थक कत्तल थांबवा म्हणून विनवले. फ्रेंचांना ते जर्मनांचे पोप वाटले, जर्मनांना फ्रेंचांचे. कॅथलिकांनीही ऐकले नाही. तेव्हा मानवतावाद्यांची परीक्षा झाली आणि ते नापास झाले असे म्हणताना, त्याच वर्गात आपणही बसलो होतो हे विसरू नये. सेटेंब्रिनीची मानवता जिथे थांबली तिथेच आपल्या पूर्वजांची प्रार्थनाही थांबली.

मग फरक कुठे पडतो? आमच्या मते तो ‘प्रतिरूप’ या शब्दाने पडत नाही. तो पडतो त्या दोन नाण्यांपाशी. शोमरोन्याच्या मनात माणसाविषयी कोणता सिद्धान्त होता हे प्रभू सांगतच नाही. तो फक्त काय करून गेला ते सांगतो. अनोळखी माणसासाठी तो ओळखीच्या माणसाचा देणेकरी झाला.

हे सगळे युरोपचे आणि बोटींचे झाले. बीड जिल्ह्याला समुद्र नाही. पण निघून जाणारी माणसे आपल्याइतकी कोणी पाहिली आहेत? दसरा-दिवाळी झाली की टोळ्या भरतात. मुकादमाची उचल घेतलेली, भांडीकुंडी, शेळी, लेकरे ट्रकमध्ये चढवलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. मिस्साला बाके रिकामी दिसू लागतात. नाताळ कित्येकांचा फडावर, पाचटाच्या कोपीत होतो. आणि या माणसांना मोजतात कसे? नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकटा असला तर अर्धा कोयता. किती माणसे आणली असे कोणी विचारीत नाही. किती कोयते आणले असे विचारतात. शब्द इतका रुळला आहे की तो बोलताना आपल्यालाही काही टोचत नाही. नेमबाज आपले टिपलेले मोजतो, तसाच तोही आकडाच.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धाला आपली माणसे पाठवली, त्यांपैकी ४६ परतली नाहीत. इंग्रज सरकारने तिथे स्मारक उभारले. महाराष्ट्राच्या आणखीही काही गावांत तशा संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. नावे नाहीत. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी उपाशी लढल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेल्या. त्यांच्यापैकी कोणी रीमार्क झाला नाही, कारण त्यांच्यातल्या फार थोड्यांना लिहिता येत होते. आजही पहाटे आपल्या रस्त्यांवर भरतीसाठी धावणारी मुले दिसतात. त्यांना युद्ध आवडते म्हणून ती धावत नाहीत. कोरडवाहू दोन एकरांत भागत नाही म्हणून धावतात.

कोयता हा नुसता शब्द आहे, त्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने आपल्या जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. कारणे अनेक होती, त्यात आम्ही शिरत नाही. पण खाडा झाला की दंड, पाळी आली तरी खाडा नको, आणि गर्भपिशवी ही कामातली अडचण, असा हिशेब कुठेतरी होता हे नाकारता येत नाही. जी अर्धा कोयता आहे तिला शरीर कशाला हवे? त्या आकड्याची बातमी आली तेव्हा सगळे हळहळले. आपणही हळहळलो. ती हळहळ खरी होती. खड्ड्यातल्या पाउलची होती तितकी खरी. पण पुढच्या दसऱ्याला टोळ्या पुन्हा तशाच भरल्या, उचल तशीच, आणि साखर आपल्या चहात तशीच गोड.

ऊसतोड कामगारांची ग्रामपंचायतीत नोंदणी करून ओळखपत्र देण्याची योजना सरकारने काढली. तिची चेष्टा करणारे आहेत. कागदाने काय होते म्हणतात. हर्टाला विचारा. कागदाने बोटीवरून उतरता येते. म्हणून ज्या घरांतून अजून नोंद झालेली नाही त्यांनी निघण्यापूर्वी धर्मग्रामाच्या कार्यालयात यावे. अर्ज भरायला सिस्टर मदत करतील. बायकोचे नाव नवऱ्याच्या नावाखाली नको, वेगळे लिहा. बाप्तिस्म्याच्या वहीत ते वेगळेच लिहिलेले आहे. आणि जे मागे राहतात त्यांनी, ज्यांची लेकरे आजीजवळ ठेवून आईबाप जातात अशा घरांकडे, या हंगामात कोण कोणत्या वारी जाणार ते आधीच ठरवून सांगावे. ‘बघू, जमेल तसे जाऊ’ हे नको. वार सांगा, नाव सांगा.

राहता राहिली हर्टा. बेडेकरांनी पुस्तक लिहिले तेव्हा युद्धाचा शेवट कोणालाच ठाऊक नव्हता. ज्या चीनकडे त्या बोटी चालल्या होत्या तिथे शांघाय हे जगातल्या मोजक्या ठिकाणांपैकी एक होते की जिथे ज्यूंना परवान्यावाचून उतरता येत होते. सतरा ते वीस हजार निर्वासित तिथे पोहोचले. १९४३ साली जपान्यांनी त्यांना हाँगक्यू या वस्तीत कोंडले. उपासमार झाली, रोगराई झाली, बरेच मेले. तरी जे तिथवर पोहोचले त्यांतले बहुतेक युद्ध संपेपर्यंत जगले. तीही कदाचित त्यांच्यात असती. तिला फक्त तेवढा काळ तग धरायला कोणाचा तरी पक्का शब्द हवा होता.